साखळीची पेनी आणि हौसाक्का

हौसाक्कांचं नाव आधी लिहिते. पुढं हात थकला, डोळ्यांनी साथ सोडली, तरी एवढं तरी कागदावर आलेलं असेल. हौसाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घरात सगळे त्यांना नुसतं आक्का म्हणत. आज मी इथं जबलपूरला लेकीच्या घरी गॅलरीत बसून चार अक्षरं लिहिते, संसार केला, नातवंडं पाहिली, ते सगळं त्या बाईनं मला दिलं. त्यांनी आधी मला भाकरी थापायला शिकवली आणि मग एका दुपारी माझ्यासाठी शीव ओलांडली. दोन्हींबद्दल मी त्यांना कधी एक शब्द बोलले नाही. तेव्हा बोलायची रीत नव्हती असं म्हणून सुटता येईल, पण खरं कारण भीती. भीती माझ्या अंगात लहानपणापासून आहे, अजून आहे. दाराची कडी वाजली तरी आधी वाईटच मनात येतं.

मी गुंजीची. आमच्याकडं रान, ओढे, आणि तिन्ही त्रिकाळ भात. तिसरीचं पुस्तक अर्धं झालं होतं तेव्हा लग्न ठरलं, आणि मास्तरांना सांगायचंही राहून गेलं. निपाणीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात मी आले तेव्हा पहिल्यांदा काय झालं असेल तर शिंका. घरोघर तंबाखू. ओसरीवर तंबाखू, माळ्यावर तंबाखू, माणसांच्या धोतरांना, जात्याला, पाण्याच्या हंड्यालासुद्धा तोच वास. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या शिंका मोजायच्या. "सात झाल्या गं! तंबाखूच्या घरात पडलीस न् शिंकतीस? उद्या भाताच्या घरात जाऊन भात नको म्हणशील." जेवायला जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचं माडगं, खर्डा. मला भाकरी गिळायची नाही, आणि थापायची तर त्याहून नाही. परातीतून उचलली की तिचे दोन तुकडे. आक्का चुलीच्या पलीकडून सगळं बघत. एक दिवस आत्याबाई शेताकडं गेल्या तसं त्यांनी माझा हात धरून पिठावर ठेवला. "मनगट ढिलं सोड, पोरी. भाकरीला भ्यालीस तर ती फुटणारच." मग मडक्याच्या तळाशी लपवलेल्या मूठभर तांदळाच्या कण्या काढून मला शिजवून घातल्या आणि म्हणाल्या, "हे कुणाला सांगू नगंस. सांगितलंस तर मी म्हणणार, मांजरानं खाल्लं."

आक्का विधवा होत्या. आमच्या थोरल्या दिरांना माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गाठीचा ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हापासून सणाच्या दिवशी आक्का मागच्या परड्यात बसायच्या, गावात कुणाच्या शुभकार्याला जायच्या नाहीत. पण घरातलं सगळं काम त्यांचं, आणि घरातलं हसूही त्यांचंच.

आमचे हे निपाणीला नेमाण्णा आप्पांच्या वखारीत होते. आप्पा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे, एका दमात कानडी आणि मराठी बोलणारे, गड्यांना लेकरा म्हणणारे. त्यांच्याकडं त्या हंगामात अमेरिकेचा एक साहेब आला होता, तंबाखूचं पान बघायला. मुसाफिरी बंगल्यात उतरला होता. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, साहेबाला एक छंद आहे: आपल्या देशातले जुने तांब्याचे पैसे जमवायचे आणि भिंगाखाली धरून बसायचं. त्या पैशाला तो पेनी म्हणतो. आम्हाला ती गंमत वाटली. मग निपाणीत उंदीर पडायला लागले, लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिले, वखारीला कुलूप लागलं. साहेब गुंटूरकडं निघाला, आप्पा सांगलीला. साहेबानं आपली कातडी पेटी आप्पांकडं ठेवली आणि आप्पांनी ती ह्यांच्या हातात दिली. "तुझं गाव अजून स्वच्छ आहे, लेकरा. साहेब येईपर्यंत जप."

पेटी एवढीशी, पोथीएवढी. आत निळ्या मखमलीत नऊ खळगे आणि नऊ पेन्या. ह्यांनी दिवेलागणीच्या आधी ओसरीवर आणून उघडली आणि आम्ही तिघी वाकून बघायला लागलो. आठ पेन्या बऱ्यापैकी तांबूस होत्या. नववी मोठी, काळपट, चॉकलेटी. तिच्यावर एका बाईचं तोंड.

"ही एकटी म्हंजे बाकीच्या आठ मिळून होत न्हाय तेवढ्या मोलाची," हे म्हणाले. "त्यांच्या मुलखात छंदी लोक हायत. हिच्यापायी ते आपली आख्खी गल्ली घेतील, गुरांसकट."

"ह्या काळ्या ढबूला?" आत्याबाई म्हणाल्या. "चिंच लावून घासली तर निदान बघण्याजोगी हुईल."

"आई, हात लावू नगंस! साहेबानं दहांदा बजावलंय. घासली की मेली. तो काळेपणा हाय तेच तिचं मोल."

"मग तिकडच्या बायकांचं बरं हाय," आक्का म्हणाल्या. "भांडी न घासता नुसती दाखवायची, मोल हाय म्हणून."

आत्याबाईसुद्धा हसल्या. ह्यांनी पेनी कडेला धरून उलटी केली. मागं गोल साखळी, कड्यात कडी अडकवलेली, पंधरा कड्या. ह्यांना वखारीतल्या इंग्रजी येणाऱ्या कारकुनानं सांगितलं होतं ते ह्यांनी आम्हाला सांगितलं. त्यांचं सरकार अगदी नवं होतं तेव्हाची ही पेनी. लोकांनी साखळी बघितली आणि बिथरले. साखळी म्हणजे बेडी, हा अपशकुन. म्हणून सरकारनं तो छाप लगेच बदलला. त्यामुळं ह्या थोड्याच निघाल्या, त्यातल्या बऱ्याच झिजून गेल्या, वितळल्या, आणि अशी नाकडोळे शाबूत असलेली तर एखादीच.

"तिकडं बी शकुन बघत्यात व्हय?" आक्का म्हणाल्या. "मला वाटलं ही आपलीच खोड."

मी मात्र हसले नाही. मी त्या बाईकडं बघत होते. केस मोकळे, वाऱ्यावर मागं उडालेले, आणि डोळा असा की पुढं काहीतरी भयंकर दिसतंय. आमच्याकडं बाई केस सोडते ती न्हाताना, नाहीतर तिच्या अंगात येतं तेव्हा. ही न्हायला बसलेली दिसत नव्हती. पेटी मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली गेली आणि मी त्या खोलीतून जाताना कोनाड्याकडं पाठ करून जायला लागले.

आमच्या माळ्यावर उंदीर फार. तंबाखू खात नसत, पण जोंधळ्याच्या कणगीवर त्यांची दिवसभर खुडबुड चाले. तो आवाज इतका सवयीचा की ऐकू यायचा नाही. एके सकाळी आक्का चुलीत फुंकर घालता घालता थांबल्या.

"गोदे, काही ऐकू येतंय?"

"न्हाय, आक्का."

"तेच म्हणते."

आम्ही दोघी वर बघत राहिलो. माळ्यावर काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की मला माझाच श्वास ऐकू आला. त्याच दुपारी मधल्या खोलीत, कोनाड्याच्या बरोबर खाली, एक उंदीर पाय ताणून पडलेला सापडला. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "त्या केस सोडलेल्या बयेनंच आणलं! निपाणीचं दुखणं पेटीत घालून घरात आणलंस रं!" हे म्हणाले, परत कुणाला देऊ, वखारीला कुलूप आहे. आता मला माहीत आहे की दुखणं पिसवांनी येतं, पेटीतून नाही. इथल्या डॉक्टरीण बाईंनी मला चित्र काढून समजावलं. समजलं मला. पण त्या कोनाड्याखालचा उंदीर आठवला की समजलेलं सगळं बाजूला राहतं.

दोन दिवसांत गावात पाच घरी उंदीर पडले आणि पंचांनी मरगाईचा गाडा काढायचं ठरवलं. मरगाई ही साथीच्या रोगाची देवी, आणि तिचा गाडा म्हणजे हातभर उंचीचा लाकडी रथ. त्यात कडुलिंबाच्या लाकडाची बाई, हिरव्या बांगड्या, लिंबं, हळदकुंकू. प्रत्येक घरानं त्यावर एक तांब्याचा पैसा द्यायचा. लोहार पैशाला टोच्यानं भोक पाडून तो गाड्याच्या फळीवर खिळ्यानं ठोकतो, म्हणजे वाटेत सांडू नये. मग वाजतगाजत गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ढकलतं, त्याच्या पुढचं पुढं. गाड्यावरचं काही परत घ्यायचं नाही. जो घेईल तो दुखणं घेऊन येतो, आपल्या घरात आणि गावात.

त्या सकाळी ह्यांचं अंग कढत लागलं. डोकं दुखतंय म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडले. आत्याबाईंनी देव्हाऱ्यातला एक पैसा माझ्या हातात दिला. "जा, देऊन ये. आक्काला चालत न्हाय, मला पोराजवळ बसू दे." मी मधल्या खोलीतून निघाले आणि कोनाड्यापाशी थांबले. तेरा वर्षांच्या डोक्यात जे आलं ते असं: जिनं आणलं तिनंच घेऊन जावं. मी पेटी उघडली, ती काळी पेनी काढली आणि तिच्या खळग्यात आमचा पैसा ठेवला. पैशाच्या जागी पैसा. तेव्हा मला हा सौदा चोख वाटला होता. लोहारानं पेनी हातात घेऊन वजन केलं. "जड हाय की गं! कुठल्या राजाची?" मी म्हटलं, ठाऊक न्हाय. त्यानं टोच्या ठेवला आणि दोन घाव घातले. भोक बरोबर बाईच्या कपाळावर पडलं, कुंकू लावतात तिथं.

दोन दिवसांत ह्यांचा ताप उतरला. साधा ताप होता, पण मला काय माहीत? मी मनात म्हटलं, गेली. इतकं हलकं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं. भाकरी अखंड उतरायला लागली. आणि तिसऱ्या सकाळी आप्पांचा माणूस दारात आला: साहेब गुंटूरहून परतलाय, आप्पाबी आलेत, उद्या सकाळी पेटी घेऊन ये.

ह्यांनी पेटी उघडून बघितली. निळ्या मखमलीत राजाचं तोंड असलेला आमचा पैसा. त्यांनी पेटी मिटली. मग आत्याबाईंना इतकंच म्हणाले, "आई, साहेबाच्या बंगल्यावर फौजदार चहाला येतो. मी हिंडलग्याच्या तुरुंगात जाणार." आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं, गड्यांना शिव्या दिल्या, शेजाऱ्यांचं नाव घेतलं. मी परड्यात गेले. आक्का शेणी थापत होत्या. मी त्यांच्या पायांपाशी बसले आणि सगळं सांगितलं. आक्का, काढून आणा, काहीही करा पण काढून आणा, असं मी म्हणाले. हे मी म्हणाले, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

आक्कांनी हात धुतले. "कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"बोलू नगंस. गाडा कुठवर गेला आसंल?"

ऊन माथ्यावर आलं होतं तेव्हा आम्ही शेणी द्यायला जातो असं सांगून बाहेर पडलो. शिवेच्या दगडाला शेंदूर होता. त्याच्या पलीकडं गाड्याच्या चाकांचा माग दिसत होता, आणि पुढं उघडा माळ. तिथं आक्का थांबल्या.

"तू हितंच बस. तुझं कपाळ भरलेलं हाय."

"आक्का, बाई कोपली तर?"

"माझ्यावर कोपून झालंय तिचं. आता काय न्यायची?" त्या हसल्या, आणि कण्या देताना म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "कुणी इचारलं तर म्हण, मांजरानं नेली."

मी बाभळीखाली बसले. आजवर मी पुष्कळ वाट पाहिली आहे, बाळंतपणात लेकीची, दवाखान्यात ह्यांची. पण त्या दुपारसारखी नाही. माळावर वारा नव्हता. एक घार वर फिरत होती आणि तिची सावली माझ्यावरून दोनदा गेली. सावल्या लांबल्या तेव्हा आक्का दिसल्या. चालणं नेहमीचं, घाई नाही. जवळ आल्या तेव्हा बघितलं, दोन्ही हातांची बोटं सोललेली. खिळा दगडानं उचकटला होता. पदराच्या गाठीतून त्यांनी पेनी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"दोन गावं पुढं गेला हुता. बाईला रिकामं न्हाय ठेवलं, माझी जोडवी ठोकून आले. गाठोड्यात पडून हुती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक शेळ्या राखणारा बघत हुता. नाव इचारलं त्यानं."

"सांगितलं?"

"सांगितलं की. मी काय चोर हाय?"

रात्री मी ह्यांना सगळं सांगून पेनी परत तिच्या खळग्यात ठेवली, आणि सकाळी हे पेटी घेऊन निपाणीला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. साहेबानं पेनी भिंगाखाली धरली, भोकाला नख लावून बघितलं आणि खुर्चीत खाली बसला. ओरडला नाही. कारकुनानं सांगितलं, साहेब म्हणतोय ही आता नुसती एक पेनी. ह्यांनी हात जोडून गाड्याचं सगळं सांगितलं. आप्पा साहेबाशी पुष्कळ बोलले आणि शेवटी ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "भोक पडलं ते नुकसान, लेकरा. पेनीच नसती तर चोरी झाली असती. जा घरी." साहेबानं आठ पेन्या पेटीत ठेवल्या आणि ती नववी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकली. मागं नातजावयानं मला एका परदेशी मासिकात तसलीच पेनी दाखवली. म्हणाला, आजी, आता भोक पडलेलीलाही गिऱ्हाईक मिळतं. मी मासिक मिटून ठेवलं.

आठव्या दिवशी गुरवाचा मुलगा पडला. जांघेत गाठ. मग लोहाराची बायको, मग आमच्याच गल्लीतली दोघं. गाव माळावर झोपड्यांत गेलं. तिथं एका सकाळी तो शेळ्या राखणारा दोघा माणसांना घेऊन आला, आणि पंचांनी आम्हाला मरगाईच्या देवळापुढं बोलावलं. मी पदर ओढून आत्याबाईंच्या मागं उभी होते. हे माझ्या पुढं, मान खाली.

पाटलांनी विचारलं, "हौसा, गाड्यावरचं काढलंस?"

"काढलं."

"कुणासाठी?"

मला वाटलं आता आक्का माझ्याकडं बघतील. त्यांनी बघितलं नाही. "माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तांब्याचा लोभ झाला."

"एका पैशाचा?" कुणीतरी ओरडलं. "एका पैशापायी चार माणसं खाल्लीस, अवदसे!"

लोहार पुढंच उभा होता. पेनी कुणी आणून दिली ते त्याला ठाऊक होतं. पण त्याची बायको गेलेली, त्याला कशाचं भान नव्हतं. ह्यांना ठाऊक होतं. आत्याबाईंनाही तोवर कळलं होतं, त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. बोलू नगंस, असं त्या बोटांनी सांगत होत्या. मला धरायची गरजच नव्हती. मी पदर आणखी खाली ओढला. लोक दगड उचलतील की काय असं वाटत होतं. पाटलांनी सांगितलं, ऊन कलायच्या आत गाव सोड. आक्का म्हणाल्या, उचगावला भाऊ आहे, जाते. गाठोडं बांधलं आणि निघाल्या. आमच्या झोपडीवरून जाताना चुलीकडं बघून म्हणाल्या, "तवा तापलाय, गोदे, भाकरी टाक." तेवढंच.

चार महिन्यांनी, दुखणं ओसरल्यावर, हे उचगावला गेले. भाऊ म्हणाला, आलीच नाही. कुठं गेल्या ते कधी कळलं नाही. गावात अजून, म्हणजे मी शेवटची गेले तेव्हापर्यंत, पोरांना भीती घालायला हौसाचं नाव घेत होते: गाड्याला हात लावशील तर हौसासारखा होशील.

हे गेले, आत्याबाई गेल्या, त्या सभेतलं बोलू शकेल असं आता मीच उरले. लेक म्हणते, ह्या गुडघ्यांनी दोन दिवसांचा प्रवास नको. पण मी जाणार आहे. थंडी सरली की नातवाला घेऊन निपाणीला उतरेन, तिथून गावात जाईन. मरगाईच्या देवळापुढं पंच बसले होते त्याच जागी उभी राहून, चारचौघांत, पदर डोक्यावरून खाली घेऊन सांगेन: हौसाला लोभ नव्हता. तिला मी पाठवलं होतं, रडून, पाय धरून, माझा नवरा वाचावा म्हणून; आणि तो वाचला. त्या वेळी माझं तोंड उघडलं नाही. आक्का, तुम्ही कुठं असाल, असाल की नसाल, मला ठाऊक नाही. पण तुमचं नाव मी त्या गावात धुऊन देईन, तेवढं केल्याशिवाय मी जात नाही.